लोणा लागलेली भिंत

काशिनाथ मास्तर नसते तर आज मी मिठागराच्या बांधावर फावडं घेऊन उभा असतो. त्यात कमीपणा काही नाही; माझे वडील जन्मभर तिथेच उभे होते. पण मला वाचता आलं नसतं, आणि हे लिहिताही आलं नसतं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. निकालाची बातमी घेऊन घरी आलो तेव्हा आईने विचारलं, "आता सगला झाला ना?" मी हो म्हटलं. "मंग पयले मास्तरना सांग जा," ती म्हणाली. देवाला नारळ त्यानंतर फुटला.

मास्तर आमच्या पेणकरपाड्याला कुलाबा जिल्ह्यातून बदली होऊन आले होते. शाळा म्हणजे एकच खोली. वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, चारी बाजूंना चुना दिलेल्या भिंती, आणि दारातून बाहेर पाहिलं की खाडीपर्यंत पसरलेली मिठागरं. उन्हाळ्यात त्या बाजूला बघवत नसे, इतकी डोळ्यांवर झळ येई. मास्तर मात्र दाराकडे तोंड करून बसत. "पोरं उन्हाकडे पाठ करून बसू देत, मी बघतो तिकडे," असं म्हणत.

उंच, हाडकुळे, अंगात काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात कोळशाचे तुकडे, डाव्या खिशात गेरूचा खडा आणि नीळ. खिशात हात घालून झाला की तो धोतराला पुसायची त्यांना सवय. बाई, म्हणजे त्यांची पत्नी, धोतर वाळत घालताना मोठ्याने म्हणायच्या, "हे धोतर आहे की पाटी? एकदा काय ते ठरवा, म्हणजे मी धुवायचं थांबवते." मास्तर घरातून उत्तर देत, "धुऊ नका. उद्याचा धडा आहे त्यावर."

सरकारी पुस्तकं आमच्याकडे उशिरा येत, आणि आली तरी सगळ्यांना पुरत नसत. मास्तरांनी भिंतीचंच पुस्तक केलं होतं. आधी चित्र, मग त्याच्या खाली शब्द. बगळा काढायचा, खाली 'बगळा' लिहायचं. मग बोट आधी चित्रावरून फिरवायचं, नंतर शब्दावरून, आणि वर्गाने मोठ्याने म्हणायचं. मग मास्तर सांगत, "मिटा डोळे." सगळ्यांनी डोळे मिटले की विचारत, "दिसलं का?"

आम्ही ओरडायचो, "दिसलं!"

"काय दिसलं? बगळा की शब्द?"

"दोनी!"

दोन्ही दिसल्याशिवाय ते पुढे जात नसत. म्हणत, "नुसता शब्द हा पाहुणा असतो, जेवून निघून जातो. नुसतं चित्र म्हणजे मोकाट वासरू, कुणाच्याही शेतात शिरतं. दोघांना एका दाव्याला बांधलं की दोघंही घरी राहतात."

होडी, बांध, खेकडा हे सोपं होतं. पण जे डोळ्यांना दिसत नाही तेही मास्तर काढत. 'शांतता' म्हणजे खाजणातल्या चिखलात एका पायावर उभा असलेला बगळा. 'भूक' म्हणजे पालथं घातलेलं मडकं. 'उशीर' म्हणजे ओळीने बसलेली मुलं, मधे एक रिकामी जागा आणि दाराबाहेर धावत येणारे दोन पाय. पुढे मुंबईला कॉलेजात असताना 'उशीर' हा शब्द कुठेही छापलेला दिसला, की मला ते दोन पाय आधी दिसत, मग शब्द. अजूनही तसंच होतं. डोक्यातून ते पाय काढायचे म्हटले तरी निघत नाहीत.

'फावडं' काढलं तेव्हा पाड्यातली मोठी माणसं बघायला आली. माझ्या वडिलांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो फावरा आमचा हाय. दांडा मोडलाय, बगा." मास्तरांनी खरंच आमच्याच दारातलं फावडं पाहून काढलं होतं. त्यांनी वडिलांचं बोट धरून शब्दावरून फिरवलं. वडिलांना जन्मभरात वाचता आलेला तो एकच शब्द.

एकदा दिपोटी तपासणीला आले. तेव्हा शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे दिपोटी म्हणत. त्यांनी बरोबर छापील रंगीत चित्रांचे तक्ते आणले होते. भिंतीवरचे बगळे आणि खेकडे पाहून ते म्हणाले, "मुलं वाचतात की चित्रं पाहून ओळखतात, हे कळायला नको का?" आणि त्यांनी एक तक्ता उभा धरला. खालचा शब्द तळहाताने झाकून घेतला. चित्रात निळं आकाश आणि पांढराशुभ्र उंच डोंगर.

"हे काय आहे?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मिठाची रास!"

दिपोटी लाल झाले. "अरे, एवढा मोठा डोंगर! ही मिठाची रास?"

बारकी नावाची मुलगी पुढे बसायची. ती म्हणाली, "मोटं आगर आसंल, साहेब."

दिपोटींनी हात काढला. बारकीने बोट ठेवून वाचलं, "हि-मा-ल-य."

"हं. हिमालय म्हणजे काय?"

"मिठाचा डोंगर," बारकी म्हणाली. ते ऐकून मास्तर हसले नाहीत. दिपोटींना अदबीने म्हणाले, "साहेब, तुम्ही शब्द झाकलात, म्हणून त्यांनी आपल्या घरचा शब्द लावला. आता चित्राला एकदा चिकटला तो. काढायला मला वर्ष लागेल." झालंही तसंच. मला पदवी मिळाली, पण हिमालय म्हटलं की अजून त्याच्या पायथ्याशी मला फावडी आणि टोपल्या दिसतात. पहिल्यांदा जे चित्र बसतं ते नंतरच्या कुणाला जागा देत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. ते आपल्यावरच उलटेल, असं मात्र त्यांना वाटलं नसावं.

बाईंचं आणि मास्तरांचं भांडण आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. शाळेला लागूनच त्यांची खोली होती, सगळं ऐकू यायचं. बाई भांडत फार थोडा वेळ आणि रुसत फार वेळ. एका दिवशी मास्तर वर्गात आले, कोळसा काढला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात एक बाई काढली. भिंतीकडे तोंड, आपल्याकडे पाठ, मोठा आंबाडा, त्यात लाकडी काटा, एका कानाची पाळी, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. खाली लिहिलं, 'रुसणे'. आम्ही खो खो हसायला लागलो. तो काटा पाड्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तेवढ्यात मास्तरांनी घरी विसरलेला पानाचा डबा घेऊन बाई दारात आल्या. बारकी ओरडली, "बाय, ह्या तुमीच!"

बाईंनी डबा खाली ठेवला. चित्रापाशी गेल्या. आम्हाला वाटलं, आता मास्तरांची खैर नाही. बाई म्हणाल्या, "नाक तरी काढायचं होतं माझं. पाठच बरी दिसते वाटतं मास्तरांना?"

मास्तर म्हणाले, "तोंड काढलं असतं तर तुम्ही हसला असतात. मग मला शब्द बदलावा लागला असता."

बाई पदर तोंडाला लावून निघून गेल्या. मास्तरांनी वर्गाकडे वळून विचारलं, "मिटा डोळे. दिसलं का?" आम्ही इतक्या जोराने "दिसलं!" म्हणालो की बाहेर बांधावरचे बगळे उडाले.

आमच्याकडच्या भिंतींना लोणा लागतो. जमिनीतला खार ओलीबरोबर वर चढतो, चुन्याला पोपडे येतात, बोट लावलं तर पांढरी पूड हातात येते. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर मास्तर भिंत खरवडून चुना देत आणि सगळी चित्रं नव्याने काढत. 'रुसणे'सुद्धा दरवर्षी नव्याने काढलं जाई, आणि बाईंनी दरवर्षी येऊन "यंदाही नाक नाही?" असं विचारायचं, ही रीतच पडून गेली होती.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यानंतरच्या एका पावसाळ्यात बाईंना हिवताप झाला. मी तेव्हा शिकायला मुंबईला होतो. औषध मिळायची मारामार होती. आठवड्याच्या आत बाई गेल्या. मी पोचलो तेव्हा खोलीत फक्त मास्तर होते आणि दोरीवर बाईंचं एक लुगडं वाळत होतं. मुलंबाळं त्यांना नव्हती. फोटो काढायची त्या काळी आमच्याकडे रीत नव्हती. मला पाहून मास्तर एवढंच म्हणाले, "यंदा भिंत करायची राहिली."

नंतर भिंत केली, पण तो कोपरा त्यांनी खरवडला नाही. बाकी सगळ्याला नवा चुना, तो कोपरा जुनाच. खार खालून चढतो, त्यामुळे आधी 'रुसणे' हा शब्द गेला. मग पदराचा काठ. कुणी तरी सांगितलं, गोडं तेल लावा, खार थांबेल. मास्तरांनी तेल लावलं, आणि खांद्याच्या जागी काळा डाग पडला. पुन्हा काढायला गेले तर रेघ नीट जाईना. तेव्हाच कळलं, की डोळे अधू झाले होते आणि ते कुणाला बोलले नव्हते. मी त्यांना मुंबईच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. बाहेर येताना मास्तरांनी माझा दंड धरला होता. "उन्हाकडे तोंड करून बसायची हौस," ते म्हणाले. मी त्यांना पायरी सांगत राहिलो.

नजर गेली तशी नोकरी गेली. बारकीचं सासर राई गावात होतं. तिने सासूला विचारलं आणि मास्तरांना आपल्या पडवीत आणून ठेवलं. बारकी तिसरीपर्यंतच शिकली, पण तिला वाचता येतं. माझी पत्रं तीच त्यांना वाचून दाखवायची.

बी.ए.चा निकाल सांगायला गेलो ती त्यांची-माझी शेवटची भेट. मास्तर पडवीत भिंतीला टेकून बसले होते. कोटाच्या खिशात अजून कोळसा होता. मी पाया पडलो. त्यांनी हाताने माझं डोकं, कान, खांदे चाचपले आणि म्हणाले, "बी.ए.चा खांदा असा असतो होय! मला वाटलं जरा रुंद असेल."

बारकी चहा घेऊन आली. "मास्तर, आता ह्याला अहो-जाहो कराला लागंल."

"तू कर. माझ्यासमोर हा नाक पुसत बसायचा."

कप त्यांनी हातातच धरून ठेवला. चहा निवला. शेवटी म्हणाले, "जनार्दना, शब्द सगळे आहेत रे माझ्यापाशी. चित्रं एकेक करून चाललीत. 'बगळा' म्हणतो तर पाय अजून दिसतात. चोच गेली."

मी म्हटलं, "मास्तर, येईल परत."

"नाही येत. बगळ्याचं सोड. ह्यांचं..." बाईंचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं, त्या दिवशी घेतलं, "यमुनेचं नाव घेतो मी रोज. नाव येतं. वर बघतो तर ती पाठ करून बसलेली. आंबाडा, काटा, कान. हाक मारतो. वळत नाही. मीच बसवलं ना तिला भिंतीकडे तोंड करून, दरवर्षी. आता तेच घट्ट बसलंय." मग माझा हात धरला. "पण तुम्ही पोरं. तुम्ही तिला समोरून पाहिलंय. तू तिच्या हातचं जेवलायस. शब्दही चिकार झालेत तुझ्याकडे. सांग मला. कशी दिसायची ती? नाक कसं होतं?"

मी डोळे मिटले. आंबाडा दिसला. लाकडी काटा. कानाची पाळी. खाली कोळशाने लिहिलेलं 'रुसणे'.

"दिसलं का?" मास्तरांनी विचारलं.

"आठवून कळवतो, मास्तर," मी म्हणालो. "नीट लिहून कळवतो."

"हं. घाई नाही," ते म्हणाले. पण माझा हात त्यांनी लवकर सोडला नाही.

बारकी मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. मी तिला विचारलं, "तुला आठवतात का गं बाई?" ती डोळे पुसत म्हणाली, "मना बी पाठच दिसते. मना बी इचारलान त्यांनी. मी सांगितला, चांगल्या होत्या. आनखी काय सांगू?" मागे वळून पाहिलं तेव्हा मास्तर पडवीत तसेच बसले होते. तोंड आमच्या दिशेला, म्हणजे मावळतीच्या उन्हाकडे.

त्यानंतर वर्गातले जे जे भेटले त्यांना मी विचारलं. एकाने सांगितलं, बाई गोऱ्या होत्या. दुसरा म्हणाला, सावळ्या. तिसऱ्याने आधी हसून विचारलं, "रुसने?" आणि पुढे त्याला काही सांगता येईना. शेवटी मी पाड्याला जाऊन आईशी बोललो. मुंबईला परतल्यावर मास्तरांना जे पत्र लिहिलं त्याचा कच्चा खर्डा माझ्याजवळ आहे. तोच इथे देतो.

*

तीर्थस्वरूप मास्तरांच्या सेवेशी, जनार्दनाचा साष्टांग नमस्कार.

कळवतो म्हणालो होतो त्याला फार दिवस लागले, याची क्षमा असावी. मी चार वेळा लिहायला बसलो. पुस्तकांतून स्त्रीच्या चेहऱ्याची वर्णनं वाचलेली आहेत. तसं एखादं लिहून पाठवणं अवघड नव्हतं. पण ते आपल्याला बाई म्हणून दिलं असतं आणि आपल्या मनात ते कायमचं बसलं असतं, तर ती दुसरीच कुणी बाई झाली असती. हिमालयाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून ते फाडून टाकलं.

मला आठवतं ते एवढंच. बाईंच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. भाकरी वाढताना त्या ती आधी दोन बोटांनी चाचपून बघत, कडक झाली असेल तर स्वतःकडे ठेवत. हसताना पदर तोंडाला लावत, त्यामुळे हसणं ऐकलेलं आठवतं, पाहिलेलं आठवत नाही. मास्तर, मलाही त्या पाठमोऱ्याच दिसतात. वर्गातल्या सगळ्यांना तशाच दिसतात. आपण शिकवलेलं आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की आई शाळेत कधी आली नव्हती. तिने भिंतीवरचं चित्र पाहिलेलंच नाही. ती बाईंना रोज विहिरीवर भेटत असे. मी तिला विचारलं. तिने लगेच डोळे मिटले आणि म्हणाली, "मना दिसते रे ती. ही आशी समोर उबी हाय." मला इतका आनंद झाला. मी म्हटलं, नाक कसं आहे सांग. ती म्हणाली, "नाकासारका." लांब? "न्हाय." बसकं? "न्हाय रे." मग कसं? तर म्हणते, "तिचा नाक तिचाच होता."

मी कागद-पेन्सिल घेतली. ती सांगेल तसं काढत गेलो. आपला हात माझ्यात आला नाही, तरी काढलं. डोळे काढले, ते खोडले, पुन्हा काढले. आईने कागद हातात धरून पाहिला आणि खाली ठेवला. "ही कोनतरी दुसरी हाय," म्हणाली. मग तिला रडू आलं. म्हणाली, माझ्या डोळ्यांसमोर आहे ती, आणि मला सांगता येत नाही, तू कसला शिकलास, माझ्या डोळ्यांतून काढून घेता येत नाही तुला?

मला नाही काढून घेता आलं, मास्तर. तिच्यापाशी चित्र आहे, शब्द नाही. माझ्यापाशी शब्द आहेत, चित्र नाही. आम्ही दोघं विहिरीच्या काठावर संध्याकाळपर्यंत बसलो होतो.

उठताना आईला मी शेवटचं विचारलं, निदान तोंड तुझ्याकडे आहे ना? ती म्हणाली, "माज्याकडंच हाय. हसते."

एवढंच मिळालं. पुढच्या रविवारी आई राईला येऊन आपल्यासमोर बसणार आहे. बोलेल असं वाटत नाही. बारकीने हे पत्र सावकाश वाचावं, आणि हसते या शब्दावर थोडं थांबावं. तेवढ्यावरून आपल्याला काही दिसलं का, ते तिच्या हातून कळवावं.

आपला विद्यार्थी,
जनार्दन